गट नंबर, वजनकाटा आणि पोटगी : ‘शेतीत कागद नसतो’ या समजाचा प्रतिवाद

पोटगीच्या दाव्यात पतीचे खरे उत्पन्न शोधण्यासाठी हिशेबतज्ज्ञाची मदत घ्यावी, असा विषय निघाला की सांगली-सातारा भागात एक ठरलेले उत्तर पुढे येते. ही पद्धत मुंबई-पुण्याच्या कंपनीवाल्यांसाठी ठीक आहे; इथे शेती आहे, जनावरे आहेत, रोखीचा व्यवहार आहे, प्राप्तिकराचे विवरणपत्र बहुधा नसतेच, तेव्हा तपासायचे तरी काय, असे ते उत्तर असते. ते अनुभवातून आल्यासारखे वाटते, म्हणून फारशी चर्चा न होता मान्य होऊन जाते, आणि त्याचा परिणाम असा होतो की बागायती जमीन, दावणीला म्हशी आणि साखर कारखान्याचे सभासदत्व असलेल्या घरातून बाहेर पडलेल्या स्त्रीची पोटगी अंदाजाने, तीही मजुरीच्या दराच्या आसपास ठरते. हे उत्तर वस्तुस्थितीला धरून नाही, असे या लेखाचे म्हणणे आहे. कृष्णा-वारणा काठच्या शेतकऱ्याच्या घरात येणारा पैसा नोकरदाराच्या पगारापेक्षाही जास्त ठिकाणी नोंदला जातो. उणीव आहे ती या नोंदी एकत्र मांडून वाचणाऱ्या माणसाची.

ज्या कामाविषयी हा वाद आहे त्याला व्यवहारात ‘फॉरेन्सिक ऑडिट’ म्हणतात. महाराष्ट्र शासनाच्या प्रयोगशाळांच्या नावात ‘न्यायसहायक’ हा शब्द रुळलेला असल्याने त्याला न्यायसहायक हिशेबतपासणी म्हणता येईल. नेहमीचा लेखापरीक्षक पुढ्यात ठेवलेल्या वह्या बरोबर आहेत की नाहीत ते पाहतो. न्यायसहायक तपासनीस पुढ्यात न ठेवलेल्या वह्या कोठे असतील ते शोधतो आणि आपला निष्कर्ष उलटतपासणीत टिकेल अशा रीतीने मांडतो. या पद्धतीचा सर्वांत गाजलेला उपयोग १९३१ मध्ये शिकागोचा टोळीप्रमुख अल कपोन याच्याविरुद्ध झाला. अमेरिकी महसूल खात्याच्या फ्रँक विल्सन यांनी त्याच्या खर्चावरून आणि जमाखर्चाच्या वह्यांवरून न दाखवलेले उत्पन्न सिद्ध केले. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की त्या माणसाचा सारा धंदा रोखीचा होता आणि त्याने विवरणपत्र भरलेच नव्हते. ज्या परिस्थितीत तपास अशक्य आहे असे सांगलीत म्हटले जाते, नेमक्या त्याच परिस्थितीतून ही विद्या वाढली. भारतातही इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्सने या कामासाठी स्वतंत्र मानके तयार केली असून १ जुलै २०२३ पासून ती सभासदांना बंधनकारक आहेत.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर शेतकरी पक्षकार या चौकटीबाहेर राहतो हा समज उघडच चुकीचा ठरतो. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून निघून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात ४ नोव्हेंबर २०२० रोजी न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा आणि न्यायमूर्ती आर. सुभाष रेड्डी यांनी असे ठरवले की पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही पक्षांनी मालमत्ता आणि देणी यांचे शपथपत्र द्यावे. या शपथपत्राचे नमुने निकालालाच जोडलेले आहेत, आणि त्यांतला दुसरा नमुना खास शेतीवर जगणाऱ्यांसाठी आहे. जमिनीचे एकूण क्षेत्र आणि त्यातील हिस्सा, फेरफाराचे उतारे, जमीन बागायती की जिरायती, वर्षभरात घेतलेली पिके, मागील तीन वर्षांचे उत्पन्न, बटाईने घेतलेली जमीन, गायी-म्हशी-शेळ्या-कोंबड्यांची संख्या आणि त्यांपासूनचे उत्पन्न, जमिनीवरील कर्ज, असे सारे त्यात विचारलेले आहे. म्हणजे शेतीचे उत्पन्न मोजता येते आणि मोजलेच पाहिजे, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने गृहीत धरलेले आहे. तरीही खालच्या न्यायालयांत हे निर्देश पाळले जात नाहीत, याबद्दल त्याच न्यायालयाला ६ नोव्हेंबर २०२३ रोजी अदिती विरुद्ध जितेश शर्मा या निकालात पुन्हा खेद व्यक्त करावा लागला.

नमुना चांगला असला तरी तो देशभरासाठी केलेला आहे, त्यामुळे त्यात साखर कारखान्याचा सभासद क्रमांक विचारलेला नाही, दूध संस्थेतला खाते क्रमांक विचारलेला नाही, विकास सोसायटीचे नाव विचारलेले नाही. ‘मागील तीन वर्षांचे उत्पन्न’ या रकान्यात ‘निसर्गाच्या लहरीपणामुळे अनिश्चित’ एवढे लिहिले की रकाना भरल्यासारखा होतो. शपथपत्र मिळाले म्हणजे काम झाले, हा दुसरा गैरसमज येथेच उघडा पडतो. शपथपत्र हे तपासाची सुरुवात आहे. त्यातील प्रत्येक विधान कोणत्या तिसऱ्या ठिकाणच्या कागदाशी ताडून पाहता येईल, हा प्रश्न विचारणे हे हिशेबतज्ज्ञाचे काम.

उसापासून सुरुवात करावी. वाळवा, पलूस, मिरज, कराड या पट्ट्यात लागण झाली की कारखान्याचा चिटबॉय उसाची नोंद घेतो. त्या नोंदीत गट नंबर, क्षेत्र, लागणीची तारीख आणि वाण लिहिलेले असते. तोड आल्यावर प्रत्येक खेपेचे वजन कारखान्याच्या काट्यावर होते, त्याची पावती निघते, आणि बिल निघताना विकास सोसायटीची वसुली कापून उरलेली रक्कम खात्यावर वर्ग होते. एका पिकाचा हा असा चार ठिकाणी उमटलेला माग आहे. पत्नीची नोटीस गेल्यानंतर पुढच्या हंगामात ऊस आईच्या किंवा भावाच्या नावावर नोंदवला गेला, तर सभासदाच्या नावाने शोधणाऱ्याला काहीच सापडणार नाही. गट नंबराने शोधणाऱ्याला मात्र तोच गट, तेच क्षेत्र आणि फक्त बदललेले नाव दिसेल. नाव बदलता येते, जमीन जागची हलत नाही. कारखान्याच्या सचिवाला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १६ प्रमाणे कागद हजर करण्याचे समन्स काढता येते, आणि सहकारी संस्थेच्या वहीतील नोंदीची प्रमाणित नक्कल महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे पुराव्यात चालते.

हे बिल वाचायलाही जाणकार लागतो. आडसाली ऊस सतरा-अठरा महिने रानात उभा असतो. उदाहरणादाखल दोन एकरांत एकरी ५० टन आणि टनाला ३,००० रुपये धरले, तर बिल ३ लाखांचे होते. ते बारा महिन्यांचे समजले तर महिना २५,००० रुपये दिसतात, अठरा महिन्यांवर विभागले तर १६,६६७. आणि त्यातून नांगरट, बियाणे, खत, भांगलण, पाणीपट्टी वजा करावी लागते, तर पुढच्या खोडव्याला लागणीचा खर्च नसतो हेही धरावे लागते. एकाच कागदावरून पत्नीचा वकील फुगवून आकडा काढू शकतो आणि पतीचा वकील दाबून. जो शास्त्राने मोजतो त्याचा आकडा या दोहोंच्या मधला असतो असेही नाही, पण तो कसा निघाला ते दाखवता येते.

दुधाची गोष्ट याहून स्पष्ट आहे आणि याहून दुःखाचीही. संस्थेत सकाळ-संध्याकाळ दूध घातले की लिटर, फॅट, डिग्री आणि दर यांची नोंद होते आणि दर दहा दिवसांनी बिल निघते. इतक्या बारीक अंतराने पगाराचीही नोंद होत नाही. पण पुष्कळ घरांत संस्थेचे खाते सुनेच्या नावावर असते, कारण धारा तीच काढते, वैरण तीच आणते आणि किटली घेऊन संस्थेत तीच जाते. पैसे मात्र दुसराच कोणी उचलतो. वाद कोर्टात गेला की हेच खाते तिच्याविरुद्ध वापरले जाते: अर्जदार स्वतः दुग्धव्यवसाय करते, तिला महिना अमुक हजार मिळतात. वरवर पाहणाऱ्याला हे खरेच वाटेल. तपासनीस मात्र दोन प्रश्न विचारील. खात्यातून पैसे काढताना सही किंवा अंगठा कोणाचा आहे, आणि काढलेली रक्कम त्यानंतर कोठे गेली? ती पेंडीच्या दुकानात, ट्रॅक्टरच्या हप्त्यात किंवा पतीच्या पतसंस्थेतल्या ठेवीत गेलेली दिसली, तर खाते कोणाच्या नावावर आहे याला अर्थ राहत नाही. ती माहेरी गेल्यावर त्याच गोठ्यातले दूध कोणाच्या खात्यावर जाऊ लागले, हा प्रश्नही तेवढाच महत्त्वाचा. म्हशी भाकड काळात दूध देत नाहीत, हे खरे. पण एका खात्याचे लिटर ज्या आठवड्यात शून्यावर आले, त्याच आठवड्यात शेजारच्या खात्याचे तेवढ्याच लिटरने वाढले, तर त्याला भाकड काळ म्हणत नाहीत.

हळद आणि बेदाणा यांचा माल सांगली-तासगावच्या बाजारात सौद्याला येतो, तेव्हा अडत्याची पट्टी निघते. तीत पोत्यांची संख्या, वजन, दर, हमाली आणि तोलाई असते. बेदाणा शीतगृहात ठेवला तर पावती होते आणि त्या पावतीवर तारण कर्जही मिळते. ताज्या द्राक्षांचा व्यवहार खरोखरच सैल आहे. व्यापारी बागेत येतो, चार किलोच्या पेटीचा दर ठरतो आणि पैसे कधी खात्यावर, कधी हातात मिळतात. येथे विक्रीऐवजी खर्चाच्या टोकाने शिरावे लागते: कृषी सेवा केंद्राच्या खतावणीतील औषधांची उधारी, आधार क्रमांकावर मशीनमधून घेतलेले अनुदानित खत, ई-पीक पाहणीत नोंदलेले क्षेत्र. या खर्चाची बाग किती मालाची असेल, ते त्या भागातला कृषी पदवीधर सांगू शकतो.

आक्षेप घेणाऱ्यांनी ज्या एका कागदाकडे कधी लक्षच दिलेले दिसत नाही, तो म्हणजे कर्जाचा अर्ज. जो पती न्यायालयात शेतीतून काहीच उरत नाही असे शपथेवर सांगतो, त्यानेच त्याआधी ट्रॅक्टरसाठी, घरासाठी किंवा ठिबक सिंचनासाठी कर्ज घेतले असेल, तर बँकेला किंवा पतसंस्थेला आपली परतफेडीची ऐपत पटवून दिलेली असते. त्या प्रकरणात वार्षिक उत्पन्नाचा आकडा त्याच्याच सहीने लिहिलेला असतो, सोबत जामीनदार आणि जमिनीचे मूल्यांकन जोडलेले असते. व्यापाऱ्याच्या विवरणपत्रावरूनही खरे उत्पन्न कळत नाही. प्राप्तिकर कायद्याच्या अनुमानित योजनेखाली लहान व्यापाऱ्याला वह्या न ठेवता उलाढालीच्या ८ टक्के, बँकेमार्फत जमा झालेल्या रकमेवर ६ टक्के नफा दाखवता येतो. ती करआकारणीची सोय आहे, त्याच्या खऱ्या नफ्याचे मोजमाप नव्हे. शेतीचे उत्पन्न तर करमुक्तच असल्याने विवरणपत्रात ते दिसले नाही म्हणजे ते नाही, असा निष्कर्ष काढणे तर्काला सोडून आहे.

सातबारा वाचण्याचीही एक रीत आहे. जुने नाव काढून टाकले की त्याला कंस पडतो आणि फेरफाराचा क्रमांक नोंदला जातो. तो फेरफार काढून त्याची तारीख पत्नीच्या नोटिशीच्या, पोलीस ठाण्यातील अर्जाच्या आणि दाव्याच्या तारखेशेजारी मांडली, की हक्कसोडपत्र किंवा बक्षीसपत्र कशासाठी झाले असावे याचा पुरावा तयार होऊ लागतो. अशा हस्तांतराने पत्नी हतबल होते असेही नाही, कारण मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ३९ प्रमाणे ज्या व्यक्तीला स्थावर मालमत्तेच्या उत्पन्नातून पोटगी मिळण्याचा हक्क आहे, तिचा हक्क ती मालमत्ता मोबदल्याशिवाय घेणाऱ्याविरुद्ध, किंवा हक्काची माहिती असूनही घेणाऱ्याविरुद्ध बजावता येतो.

एवढे करूनही रोखीचा काही भाग निसटतो, हे कबूल केले पाहिजे. विटा, खानापूर, आटपाडी भागातील गलाई व्यावसायिक सोने-चांदी शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी केरळ, तमिळनाडूपासून देशभर पसरलेले आहेत. त्यांचे घर एका राज्यात आणि गल्ला दुसऱ्या राज्यात असतो. अशा ठिकाणी निव्वळ मालमत्तेची पद्धत कामी येते. तिचे तत्त्व साधे आहे: ठरावीक काळात मालमत्तेत झालेली वाढ आणि त्या काळातला घरखर्च यांच्या बेरजेतून कर्ज, देणग्या आणि मोडलेल्या ठेवी वजा केल्या की जे उरते, तेवढे उत्पन्न असलेच पाहिजे. समजा, पती महिना ८,००० रुपये मिळकत सांगतो, म्हणजे तीन वर्षांत २ लाख ८८ हजार. त्याच तीन वर्षांत त्याने १४ लाखांचे घर बांधले, त्यासाठी ५ लाख कर्ज घेतले आणि १ लाखाची जुनी ठेव मोडली. घरखर्च महिना १०,००० धरला तर ३ लाख ६० हजार होतो. १४ लाख आणि ३ लाख ६० हजार मिळून १७ लाख ६० हजार. त्यातून ६ लाख वजा केले तर ११ लाख ६० हजार राहतात, म्हणजे दरमहा सुमारे ३२ हजार. हा पैसा कोठून आला ते पतीलाच ठाऊक असते, आणि जी गोष्ट विशेषेकरून ज्याच्या माहितीत आहे ती सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर असतो, असे भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चे कलम १०९ सांगते. त्याने कागद दडवला तर कलम ११९ खाली न्यायालय प्रतिकूल अनुमान काढू शकते, म्हणजे तो कागद त्याच्या विरुद्धच गेला असता असे धरू शकते.

एकत्र कुटुंबाच्या खासगीपणाचा मुद्दा यानंतर मांडला जातो. सासू-सासरे, दीर यांच्या खात्यांत डोकावण्याचा अधिकार सुनेला कोणी दिला, असा प्रश्न विचारला जातो, आणि तो विचारणाऱ्यांची अस्वस्थता खोटी नसते. पण येथे मागितली जाते ती सगळ्या घराची झडती नव्हे. पतीच्या गटातला ऊस ज्या खात्यावर गेला ते खाते, आणि पतीच्या गोठ्यातले दूध ज्या नावावर गेले ते नाव, इतक्यापुरतीच मागणी असते आणि तेवढीच न्यायालय मान्य करील. नोकरदार पतीच्या बाबतीत हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ मध्येच निकालात काढला आहे: पोटगीचा वाद असेल तेथे पतीच्या पगाराची माहिती केवळ त्याची खासगी बाब राहत नाही. मग जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचा पगार खासगी नाही आणि बागायतदाराचे ऊसबिल मात्र खासगी, असा भेद कोणत्या तत्त्वावर करायचा? शिक्षकाच्या पत्नीला न्याय आणि शेतकऱ्याच्या पत्नीला अंदाज, असाच त्याचा अर्थ होतो.

हा भेद महाराष्ट्रात जास्त बोचतो. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेने विवाहानंतर मालमत्ता सामाईक होते आणि विभक्त होताना अर्धा वाटा हक्काने मागता येतो. महाराष्ट्रातील हिंदू पत्नीला घटस्फोटानंतर पतीच्या मालमत्तेत असा वाटा नाही. तो देऊ पाहणारे विधेयक ऑगस्ट २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर होऊनही लोकसभेची मुदत संपताच व्यपगत झाले. तिने पंधरा वर्षे ज्या रानात भांगलण केली त्या रानातला एक गुंठाही तिच्या वाट्याला येत नाही. तिच्या हाती राहते ती पोटगी, आणि पोटगी ठरते पतीच्या उत्पन्नावरून. तेव्हा उत्पन्नाचा आकडा चुकला तर तिचे सर्वस्वच चुकले.

खर्च आणि विलंब हे आक्षेप त्या मानाने लवकर मिटतात. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २४ मध्ये अंतरिम पोटगीबरोबर दाव्याचा खर्च देण्याचीही तरतूद आहे, आणि तज्ज्ञाची फी त्या खर्चात धरायला कोणतीही अडचण दिसत नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे स्त्रीला तिचे उत्पन्न कितीही असले तरी मोफत विधी साहाय्य मिळते. जिल्हा प्राधिकरणाच्या वकिलांच्या यादीशेजारी पाच-सहा सनदी लेखापालांची यादी ठेवणे अवघड नाही. शिवाय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६, नियम ११ मध्ये हिशेब तपासण्यासाठी कमिशनर नेमण्याचा अधिकार १९०८ पासून आहे. भागीदारीच्या आणि वाटणीच्या दाव्यांत तो वापरला जातो, मग पोटगीतच त्याचा विसर का पडावा? कलम २४ खालील अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा असे कायदा म्हणतो, म्हणून अंतरिम रक्कम शपथपत्र आणि तीन-चार सहज मिळणाऱ्या उताऱ्यांवर ठरवावी आणि सखोल तपासणी कायम पोटगीच्या टप्प्यावर करावी, हे व्यवहार्य आहे.

हिशेबाला घाबरण्याचे कारण प्रामाणिक पतीला तर अजिबात नाही. फुलोऱ्यात पाऊस झाला, दावण्या रोगाने बाग गेली, सोसायटी थकली, असा शेतकरी न्यायालयात उभा राहतो तेव्हा शेजारच्या गावातल्या निर्यातदाराचे आकडे त्याच्या माथी मारले जाण्याचा धोका असतो. तीन वर्षांच्या पट्ट्या, औषधांची उधारी आणि थकबाकीचा दाखला एकत्र मांडणारा अहवाल त्याचे जेवढे रक्षण करील, तेवढे ‘शेती परवडत नाही’ हे वाक्य करणार नाही. पत्नीने शिवणकामाचे किंवा नोकरीचे उत्पन्न लपवले असेल तर तेही याच मापाने मोजले जाते. शपथपत्र दोघांनाही सारखेच लागू आहे.

१९८० च्या दशकात कासेगावच्या इंदुताई पाटणकर आणि गेल ऑम्वेट यांच्या पुढाकाराने स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने सांगली जिल्ह्यात परित्यक्ता स्त्रियांचा प्रश्न रस्त्यावर आणला, तेव्हा टाकलेल्या बाईला स्वतंत्र रेशनकार्ड मिळावे, म्हणजे सरकारी कागदावर तिचे वेगळे अस्तित्व नोंदले जावे, यासाठी झगडावे लागले होते. आज तिचे नाव कागदावर आले आहे, पण ज्या कागदांवर तिच्या श्रमाचा पैसा नोंदला जातो ते तिच्या वकिलाच्या हाती येत नाहीत. त्या कागदांपर्यंत नेणारी माहिती मात्र तिच्याकडे असते. कोणत्या गटात आडसाली होती आणि कोणत्या गटात खोडवा, किती म्हशी दुभत्या होत्या, हळद कोणत्या अडत्याकडे जात होती, ट्रॅक्टरचा हप्ता कोणत्या तारखेला जात होता, हे तिला तोंडपाठ असते, कारण त्या तारखांवर घरातला किराणा ठरत असे. वकिलाने पहिल्याच भेटीत छळाच्या हकिकतीइतकाच वेळ देऊन हे सारे गावनिहाय, गटनिहाय आणि हंगामनिहाय लिहून घेतले, आणि न्यायालयाने पहिल्या तारखेला पतीकडून सभासद क्रमांक, दूध संस्थेचा खाते क्रमांक, सोसायटीचे नाव आणि मागील तीन वर्षांतील कर्जांची यादी शपथपत्रात मागितली, तर कारखान्याला, दूध संस्थेला आणि बँकेला काढायच्या समन्सचे मसुदे त्याच दिवशी तयार होऊ शकतात.